वासरू, कशिदेकार आणि पाखरांचे शेत

इंदूरच्या राजवाड्याजवळ आडा बाजार नावाची जुनी पेठ आहे. या नावाची उपपत्ती कोणाही इंदूरकराला विचारावी. तो जी कथा सांगतो ती अशी. अहल्याबाईंचे पुत्र मालेराव रथात बसून या वाटेने भरधाव निघाले असता एक वासरू चाकाखाली सापडून मेले. मालेराव थांबले नाहीत. वासराची आई मात्र कलेवराजवळ रस्त्यातच बसून राहिली. मागून बाईंची स्वारी आली. त्यांनी चौकशी केली, वाड्यात गेल्या आणि सुनेला विचारले, की आईच्या डोळ्यांदेखत तिचे लेकरू जो चिरडील त्याला शासन काय असावे? सून म्हणाली, त्यालाही तसेच चिरडावे. बाईंनी मुलाचे हातपाय बांधवून त्याला त्याच रस्त्यावर टाकविले. सारथी धजेना, तेव्हा त्या स्वतः रथावर चढल्या. परंतु रथ पुढे घ्यावा तो तीच गाय आडवी येऊन उभी राही. पुन्हा पुन्हा असे घडले, तेव्हा लोकांनी विनवणी केली, की ज्या मातेचे लेकरू गेले तीच क्षमा करीत आहे, आता आपणही करावी. गाय आडवी आली म्हणून तो आडा बाजार.

ही कथा इंदूरची खरी. पण इंदूरपुरतीच नव्हे. तमिळ देशात तिरुवारूर येथे मनुनीति चोळ राजाची हीच कथा सांगतात, आणि शेक्किळाराने बाराव्या शतकात रचलेल्या पेरियपुराणात ती आली आहे. तेथे गाय राजवाड्याची घंटा ओढून न्याय मागते. त्याहूनही प्राचीन असा सिंहली महावंस हा ग्रंथ अनुराधपुरच्या एळार राजाविषयी हेच वृत्त देतो. महावंसकार बौद्ध भिक्षू होता आणि एळार तमिळ, परधर्मी. बौद्ध दुट्टगामणीने त्याचा युद्धात वध केला हेच त्या ग्रंथातील मोठे प्रकरण. तरीही वासराच्या न्यायासाठी पोटच्या मुलाचे मस्तक देणाऱ्या या परधर्मीयाची स्तुती केल्यावाचून भिक्षूला राहवले नाही. शैव, बौद्ध, वैष्णव, सगळ्यांना ही कथा आपली वाटली. कारण तिच्यात राजधर्माची जी कसोटी आहे ती सर्वात कठीण आहे. ज्याला बोलता येत नाही आणि ज्याचा पक्ष घेऊन कोणी दरबारात उभा राहणार नाही, त्याच्या जिवाचे मोल राजपुत्राच्या जिवाइतके धरावयाचे.

इतिहास मात्र निराळे सांगतो. मालेरावांची कारकीर्द अवघी नऊ-दहा महिन्यांची. १७६६ साली आजोबा मल्हारराव वारले आणि १७६७ च्या वसंतात मालेरावही गेले. त्यांच्या अंतकाळाची हकीकत सर जॉन माल्कम याने महिदपूरच्या लढाईनंतर, म्हणजे १८१७ नंतरच्या काही वर्षांत, माळव्यातील वृद्ध लोकांस विचारून लिहून ठेवली. त्याचा ग्रंथ १८२३ साली लंडनला निघाला. मालेराव स्वभावाने अस्थिर होते, ब्राह्मणांस दान द्यावयाच्या वस्त्रांत आणि पादत्राणांत विंचू लपवून ठेवण्यापर्यंत त्यांची मजल जाई, असे तो लिहितो. पुढे वाड्यातील एका दासीशी संबंध असल्याच्या संशयावरून त्यांनी एका कशिदेकाराला मारविले. तो निर्दोष होता असे मागाहून सिद्ध झाले, आणि त्या पश्चात्तापाने मालेरावांना वेड लागले. मेलेल्या कारागिराचे भूत अंगात आले आहे असा सर्वांचा समज होता. अहल्याबाई रात्रंदिवस मुलाच्या उशाशी बसून त्या भुताची करुणा भाकीत. तुझे देऊळ बांधते, तुझ्या कुटुंबाला जहागीर देते, माझ्या मुलाला सोड, असे विनवीत. भुताने मानले नाही.

म्हणजे या प्रकरणात निरपराध जीव एक गेलाच होता. पण तो माणसाचा होता, आणि माणूस हाताने काम करून पोट भरणारा होता. लोकांच्या स्मृतीने त्याला उचलून बाजूला ठेवले आणि त्याच्या जागी वासरू आणले. हे केव्हा व कोणी केले याला कागद नाही; परंतु का झाले असावे याचा तर्क करता येतो. बाईंनीच मुलाचा काटा काढला असा प्रवाद त्या काळी होता, विशेषतः युरोपियनांत, आणि तो खोटा असल्याची खात्री माल्कमने मुद्दाम चौकशी करून करून घेतली. या प्रवादाला लोकांनी आपल्या परीने दिलेले उत्तर म्हणजे ही कथा असावी. आईने मुलावर रथ घातला ना? होय, घातला; पण न्यायासाठी. आणि ज्या न्यायासाठी आई हे करू शकते तो असा हवा की ऐकणाऱ्याच्या मनात शंकेला जागाच राहू नये. कशिदेकाराच्या बाबतीत कुजबुज होती: दासी होती, संशय होता. वासराच्या निष्पापतेविषयी कोण वाद घालणार? त्यातून ते गाईचे वासरू. श्रद्धेने ज्या प्राण्याला मातेच्या ठिकाणी बसविले त्याचे दुःख समाजाला तत्काळ कळते. कारागिराचे कळायला चौकशी करावी लागते. या अदलाबदलीला मी कमी लेखीत नाही, तिच्यातून एक उदात्त कथा जन्मली; पण कथेच्या रथाखाली दोन जीव गेले आणि आपण एकासाठीच अश्रू ढाळतो, हेही नोंदले पाहिजे.

प्रत्यक्ष अहल्याबाईंचे प्राण्यांशी वर्तन कसे होते, याविषयी मात्र दंतकथेवर विसंबण्याची गरज नाही. माल्कमनेच ते नोंदले आहे. महेश्वरच्या परिसरात भर दुपारी शेतकऱ्याचे औत चालू असता बाईंचा नोकर येऊन ते थांबवी आणि बैलांना पाणी पाजी. नर्मदेतल्या माशांना, आकाशातल्या पाखरांना त्यांच्या दानधर्मात वाटा होता. यात नवल नाही. मुंग्यांना साखर आणि माशांना कणकेच्या गोळ्या घालणारे पुण्यवंत आपल्याकडे पुष्कळ. नवल पुढे आहे. पाखरांसाठी बाईंनी शेते विकत घेऊन ठेविली होती. त्यांचे म्हणणे असे, की शेतकरी आपल्या पिकावरून पाखरे हाकलतो ते योग्यच करतो. त्याचे पोट त्या धान्यावर आहे. मग पाखरांनी जावे कोठे? म्हणून हे पीक त्यांचे.

या एका कृतीत विचाराची जी स्वच्छता आहे ती मला भूतदयेवरच्या अनेक प्रवचनांपेक्षा मोलाची वाटते. पाखराला हाकलू नका, हाकलाल तर पाप लागेल, अशी आज्ञा काढणे राणीला सोपे होते. तसे झाले असते तर दया राणीची आणि नुकसान कुणब्याचे, असा व्यवहार झाला असता, आणि पुण्य तर राणीच्याच खाती पडले असते. बाईंनी गोफण फिरविणाऱ्याचा हक्क आधी मान्य केला आणि मग आपल्या श्रद्धेची किंमत आपण मोजली. शेत विकत घेतले, म्हणजे त्याच्या मालकाला पैसे दिले.

अशा खर्चाची थट्टा त्या काळीही झाली असावी. माल्कमसुद्धा म्हणतो की असली सर्वव्यापी कणव पाहून आपल्याला हसू येईल. पण लगेच तो एका जाणत्या ब्राह्मणाचे उत्तर देतो. बाईंच्या अखेरच्या दिवसांत हा गृहस्थ पुण्यास मोठ्या हुद्द्यावर होता. याच्या दुप्पट पैसा बाईंनी सैन्यावर खर्चिला असता तरी तीस वर्षे राज्यात एवढी शांतता राहिली असती काय, असा त्याचा सवाल होता. बाईंची निष्ठा खरीच होती. पण ती नसून नुसते व्यवहारचातुर्य असते, तरी याहून चांगला उपाय त्यांना सुचला नसता, असे तो म्हणाला. पेशवाईतल्या मुत्सद्द्याचे हे बोलणे. त्यात भाबडेपणा औषधालाही नाही.

आणखी एक बारीक नोंद माल्कमने केली आहे, तिच्याकडे आपल्या चरित्रकारांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. बाईंनी मांसाहार सोडला होता. त्यांच्या जातीच्या रीतीप्रमाणे तो सोडण्याचे कारण नव्हते, तरीही सोडला होता. होळकर धनगर. शेळ्या-मेंढ्या राखणे हा ज्यांचा पिढीजात धंदा, त्यांच्या घरी प्राण्याच्या जिवाचे मोल दोन प्रकारांनी होते. कोकरू खांद्यावर घेऊन कोसच्या कोस चालणारा धनगर तेच मेंढरू वाढल्यावर विकतो, प्रसंगी देवाला देतो, आणि या दोहोंत त्याला विसंगती वाटत नाही. जिवाची किंमत त्याला ठाऊक नसते असे नव्हे. ती त्याच्याइतकी कोणाला ठाऊक असणार? कळप म्हणजेच त्याचे धन, आणि वाडवडिलांच्या जमीनजुमल्याच्या जागी त्याच्याकडे कळपच असतो.

होळकरांचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, मल्हारी मार्तंड; इंदूरच्या राजवाड्यातही त्याचे देवघर आहे. या दैवताने मोठी युक्तीची व्यवस्था लावून दिली आहे. देव स्वतः शाकाहारी; चंपाषष्ठीला त्याला वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा. बकऱ्याचा मान आहे तो मणी दैत्याला. मरतेवेळी शरण येऊन त्याने तो मागून घेतला अशी कथा. देवाच्या दोन राण्यांपैकी म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. शेजारी कुत्रा आहे, तो देवाचा सोबती. आणि वाघ्या म्हणून देवाला वाहिलेला माणूस कुत्र्यासारखा भुंकतो, कोटंब्यात घातलेले खातो. ज्या पशूला अन्य ठिकाणी अस्पर्श मानतात, त्याचे रूप येथे माणूस भक्तीने घेतो. एकाच गडावर वाणी, धनगर, मराठा, ब्राह्मण आपापल्या आचारानिशी येतात आणि कोणाला दुसऱ्याच्या ताटात डोकवावे लागत नाही.

आपल्या कोकण-गोव्याच्या वाचकांना हे नवीन नाही. देवळात शिवराक नैवेद्य आणि वेशीवरच्या राखणदाराला कोंबडा, हा हिशेब तेथेही आहे. सोमवारी मासळी न शिवणारा सारस्वत मंगळवारी बाजारात बांगड्याचा भाव विचारतो. माळव्यात बसलेल्या दक्षिणी ब्राह्मणाला याचे आश्चर्य वाटे, आणि कोकण्याला त्या आश्चर्याचे. स्वतंत्र भारताच्या कायद्यानेही अशीच तडजोड केली. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या विधेयकामुळे चालना मिळून १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम झाला. त्याच्या २८ व्या कलमाने धर्माला आवश्यक अशा रीतीने केलेला वध गुन्ह्यातून वगळला. मणीचा बकरा कायद्यात असा बसला.

इंदूरमध्ये या प्रश्नाची दुसरी बाजू जैन पेढ्यांनी मांडली. राजवाड्यापलीकडे इतवारियात शेठ हुकुमचंद यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बांधविलेले काचमंदिर आहे. भिंती, छत, खांब, जमीन, सर्वत्र काच. आणि त्या झगमगाटात पापाची फळे नरकात कशी भोगावी लागतात याचीही चित्रे. जैन विचारात जीव मोजला जातो तो इंद्रियांवरून: एक इंद्रिय असलेल्यापासून पाच असलेल्यापर्यंत सर्वांत आत्मा आहे, आणि हिंसेचे बंधन कर्त्याच्याच आत्म्याला पडते. म्हणूनच गाय आणि किडा यांत येथे हिंदूंच्या मानाने कमी अंतर. मात्र ज्या संपत्तीतून हे मंदिर उभे राहिले ती कापसाची, गिरण्यांची आणि माळव्याच्या अफूची. सुताला खळ देताना चरबी वापरण्याचा प्रघात त्या काळच्या गिरण्यांतून सर्रास होता. हा टोमणा कोणा एका शेटजींना नाही. जग यंत्राचे झाल्यावर हिंसा हातापासून किती लांब गेली, आणि नरकाची चित्रे जुन्या कुऱ्हाडी-सुऱ्यांपाशीच कशी थांबली, एवढेच दाखवावयाचे आहे.

माळव्याची अफू ज्या वाटेने चीनला जाई ती मुंबईची वाट, आणि त्या व्यापारात मोठे झालेले जमशेटजी जिजीभाई याच प्रश्नाच्या इतिहासात भेटतात. १८३२ च्या जूनमध्ये मुंबई सरकारच्या पोलिसांनी मोकाट कुत्री मारण्याचा सपाटा लावला. कुत्र्यामागे बक्षीस होते, म्हणून पाळलेली कुत्रीही सुटेनात. पारशी धर्मात कुत्रा पवित्र. मृताच्या मुखासमोर त्याला आणून सगदीद करतात. पारशी खवळले, जैन आणि हिंदू व्यापारी त्यांना मिळाले, दुकाने बंद झाली, किल्ल्यातल्या गोऱ्यांना पाव आणि पाणी मिळेना. फौज आणावी लागली. दंगा शमला, पण १८३४ साली जमशेटजी आणि अमीचंद शहा यांनी पुढाकार घेऊन पांजरापोळ काढला, आणि व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वखुशीने लाग बसवून तो चालविला. येथे अहल्याबाईंच्या शेताची आठवण होते. कुत्रे मारू नका म्हणणाऱ्यांनी शेवटी कुत्र्याच्या राहण्याखाण्याची जबाबदारी घेतली. मुंबईचा पांजरापोळ भुलेश्वरच्या गजबजाटात अजून उभा आहे.

परंतु श्रद्धेची किंमत दुसऱ्याकडून वसूल करण्याचे उदाहरण शोधावयास इंदूर सोडून दूर जावे लागत नाही. १९२८ च्या जानेवारीत टाइम्स ऑफ इंडियात आलेले एक वृत्त डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या आपल्या जातिनिर्मूलनावरील भाषणात दिले आहे. कनारिया, बिचोली हप्सी, बिचोली मर्दाना आणि इंदूर जिल्ह्यातील आणखी सुमारे १५ गावे यांतील कलोता, रजपूत व ब्राह्मण, पाटील-पटवाऱ्यांसह, बलाई लोकांना बजावते झाले: जरीकाठी पागोटे घालू नये, रंगीत काठाचे धोतर नेसू नये, बायकांनी सोन्यारुप्याचे दागिने घालू नयेत, हिंदूंच्या लग्नात वाजंत्री वाजवावी, बाळंतपणाला यावे, देऊ ते घ्यावे, पटत नसेल तर गाव सोडावे. बलायांनी नकार दिला. तेव्हा विहिरी बंद झाल्या. बलायांची गुरे चराईस जाईनात. स्वतःच्या शेतावर जाण्याची वाटही हिंदूंच्या शेतातून असेल तर अडविली गेली. आणि हिंदूंनी आपली गुरे बलायांच्या उभ्या पिकात सोडली.

शेवटचे वाक्य अहल्याबाईंच्या शेताशेजारी ठेवून पाहावे. दोन्ही ठिकाणी मुके जीव पिकात शिरले आहेत. महेश्वरला त्यांच्यासाठी शेत विकत घेतले होते. बिचोलीला शेत दुसऱ्याचे होते, आणि ज्या गुरांना धर्म पूज्य मानतो त्याच गुरांचे तोंड शस्त्र म्हणून वापरले गेले. बलायाची भुकेली म्हैस किंवा गाय मात्र दाव्याला बांधून होती. तिला चरायला कोणती श्रद्धा आड आली? गाय पवित्र आणि गाईचा धनी अपवित्र, असे झाले की गाईचे पावित्र्यही धन्याच्या दारातून पुढे सरकत नाही. आडा बाजारातल्या कथेत गाय मायलेकरांच्या मध्ये आडवी येऊन उभी राहिली; या गावांत गुरे ज्या बाजूने हाकली त्या बाजूने गेली, कारण हाकणारे माणूस होते.

बलायांनी दरबारात अर्ज केले. वेळेवर दाद लागली नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडून शेकडो बलाई बायकामुलांसह धार, देवास, बागली, भोपाळ, ग्वाल्हेर या संस्थानांतल्या खेड्यांत निघून गेले. बिचोली हप्सी आणि बिचोली मर्दाना ही आज इंदूरच्या वाढत्या वस्तीची नावे झाली आहेत.

हे वृत्त जगापुढे ठेवणाऱ्या आंबेडकरांचा जन्म इंदूरपासून काही कोसांवर महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी झाला. ज्या महार समाजात ते जन्मले त्याच्या वाट्याला गावच्या परंपरेने मेलेली गुरे ओढण्याचे काम आले होते. जिवंत गाय पूजणारा मेलेल्या गाईला हात लावीत नसे, आणि जो हात लावी त्याला शिवत नसे. मढे ओढणाऱ्याला मढ्याचेच मांस खावे लागे, आणि ते खातो म्हणून तो आणखी खालचा ठरे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला भरलेल्या परिषदेत आंबेडकरांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले. गावोगावच्या महारांनी मेलेली ढोरे ओढण्याचे काम टाकले, आणि त्यापायी अनेक ठिकाणी बहिष्कार सोसला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी लाखो अनुयायांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली, तेव्हा त्यांच्याकडून बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. अस्पृश्यतेचे ओझे ज्यांनी शतकानुशतके पशूच्या कलेवरासह वाहिले होते, त्यांनी त्या दिवशी घेतलेल्या प्रतिज्ञांत एक अशीही होती, की सर्व प्राणिमात्रांवर दया करीन आणि त्यांचे रक्षण करीन.